मिसरीची डबी, पिवळा दिवा आणि खाडीतला ऑक्सिजन

या वेळच्या टपालात सगळं काळंच आलंय. मिसरी, हुरडा, डांबर, चूल. पाच पत्रं घेतली आहेत. दुसऱ्या पत्राचं उत्तर लांबलं, कारण त्या विषयात माझी नोकरीची सव्वीस वर्षं गेली आणि तिथे हात आखडता घेता आला नाही.

प्रश्न : आमची आई ७४ वर्षांची आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून मिसरी लावते. आम्ही ओरडलो की म्हणते, "कच्ची तंबाखू खाणाऱ्यांना रोग होतात. आपण तव्यावर कोळसा होईस्तोवर भाजतो, त्यातलं विष जळून जातं." माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. तो म्हणतो, भाजल्यानं उलट 'अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन' तयार होतात. त्यावर आईचा सवाल : अॅरोमॅटिक म्हणजे सुवासिक ना, मग बिघडलं कुठं? दोघांत बरोबर कोण? आणि आईची काही तपासणी करून घ्यावी का?
– एक वाचक, वडूज

उत्तर : नातू बरोबर आहे. पण आजींना हसू नका. आगीवर धरलं की वाईट ते जळतं, हा त्यांचा अनुभव दूध-पाण्याच्या बाबतीत सोळा आणे खरा आहे. तंबाखूच्या बाबतीत तो नेमका उलटा पडतो.

मी कराडजवळची. माझ्या आजीचा मिसरी भाजण्याचा दिवस मला अजून दिसतो. परसातली तीन दगडांची चूल, तिच्यावर फक्त याच कामाला ठेवलेला जुना तवा, त्यावर तंबाखूची पानं. आधी पानं आकसायची, मग कडा लाल व्हायच्या, मग निळसर धूर. आम्हा पोरांना ठसका लागायचा आणि आजी पदर नाकाला लावून उलथन्यानं पानं खालीवर करत राहायची. पान हाताने चुरलं की कुरकुर वाजलं पाहिजे, ही तिची परीक्षा. मग ते चुरून, वस्त्रगाळ करून पितळी डबीत. सकाळी मागच्या पायरीवर बसून तर्जनीनं हिरड्यांवर तासभर ती फिरायची, आणि तेवढा वेळ घरात कुणी काही विचारलं तर उत्तर नुसतं "अं" असं यायचं.

त्या तव्यावर काय घडतं? पान जाळायला जेवढी हवा लागते तेवढी त्या ढिगात पोचत नाही. पानातल्या पदार्थांचे उष्णतेनं बारीक तुकडे होतात. भरपूर ऑक्सिजन मिळाला असता तर त्यांचा कार्बन डायऑक्साइड होऊन ते उडून गेले असते. तो मिळाला नाही की हे तुकडे एकमेकांनाच धरतात. सहा कार्बनचं एक कडं, त्याला चिकटून दुसरं, तिसरं, मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरांसारखं. दोन कडी जोडली की नॅप्थलीन होतं, म्हणजे आपली ट्रंकेतली डांबराची गोळी. पाच कडी एका ठरावीक तऱ्हेनं जोडली की बेन्झोपायरीन होतं : २० कार्बन, १२ हायड्रोजन. तव्यावरची काजळी, सिगारेटचा धूर, डिझेलचा धूर, कोळशाचं डांबर, सगळीकडे हा हजर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला पहिल्या गटात घातलंय, म्हणजे माणसाला कर्करोग करणारा, शंका नाही, असा गट.

आणि आजी ज्याला विष म्हणतात ते निकोटिन पूर्ण जळत नाही. जळलं असतं तर सकाळी डबी सापडली नाही म्हणून घर डोक्यावर घेतलं गेलं नसतं. तंबाखू वाळवताना-मुरवतानाच तयार झालेली नायट्रोसअमाइनंही मिसरीत सापडतात. ती निराळ्या कुळातली, पण तितकीच वाईट. म्हणजे जुनं गेलं नाही आणि वर नवं आलं.

'अॅरोमॅटिक'चं म्हणाल तर रसायनशास्त्रज्ञांना या कुळातले जे पहिले पदार्थ सापडले त्यांतल्या काहींना छान वास होता, म्हणून ते नाव पडलं. आता त्याचा अर्थ एवढाच, की कड्यातले इलेक्ट्रॉन साऱ्या कड्याच्या सामाईक मालकीचे असतात. वासाशी त्याचा संबंध लग्न होऊन पन्नास वर्षं झालेल्या बाईचा माहेरच्या आडनावाशी असतो, तेवढाच.

घरात कुणी गरोदर सून-मुलगी मिसरी लावत असेल तर तिला मात्र आधी थांबवा. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या बायकांची, त्यात मिसरीही आली, बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी निघाली.

आईंच्या तपासणीचं शेवटी सांगते.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात लिहिलंय की बेन्झोपायरीन स्वतः डीएनएला काही करत नाही. त्याचा 'डायॉल एपॉक्साइड' करतो, आणि तो आपल्याच शरीरातले एन्झाइम बनवतात. शरीर स्वतःच्या हातानं विष का बनवेल? सरांना विचारलं तर म्हणाले, पाठ कर, दहा मार्कांना येतं.
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तुझ्या सरांच्या वाटेला मी जात नाही, पोर्शन संपवायचा असतो बिचाऱ्यांना. पण हे पाठ करायचं नाही. ही पाण्याची आणि तेलाची गोष्ट आहे आणि ती मला माझ्याच मनगटावर कळली.

१९८३ साल. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मी नवी होते. बेन्झोपायरीन उजेडात टिकत नाही, म्हणून त्याचं काम एका कोंदट खोलीत पिवळ्या दिव्याखाली चालायचं. फिकट पिवळे, सुईसारखे स्फटिक. मी ते अॅसिटोनमध्ये विरघळवत होते. पिपेट काढताना एक थेंब हातमोजा आणि अॅप्रनची बाही यांच्या मधल्या दोन बोटं उघड्या जागेवर पडला. अॅसिटोन लगेच उडून गेलं आणि कातडी कोरडी दिसली. मला वाटलं, सुटलो. आमच्या बाईंनी काही न बोलता पिवळा दिवा बंद केला आणि अतिनील दिवा माझ्या हातावर धरला. मनगटावर रुपयाएवढा निळा-जांभळा डाग लखलखत होता. मी नळाखाली हात धरला, पाच मिनिटं धुतला आणि परत दिव्याखाली धरला. डाग तसाच. बाई म्हणाल्या, "पाण्याला तो ओळख दाखवत नाही गं." साबणानं चार वेळा घासल्यावर फिकटला. तरी कातडीच्या रेघांत दोन-तीन निळ्या चिरा राहिल्याच.

आता हीच अडचण तुझ्या शरीराची आहे असं समज. एक लिटर पाण्यात बेन्झोपायरीन एका ग्रॅमच्या लाखाव्या भागाइतकंही विरघळत नाही. मूत्र पाण्याचं, रक्त बरंचसं पाण्याचं. हा तेलकट पाहुणा पेशीच्या चरबीच्या पडद्यात जाऊन बसतो. त्याला बाहेर काढायचं तर पाण्यात विरघळेल असं काहीतरी त्याला चिकटवावं लागतं. पण चिकटवणार कुठे? त्याला धरायला जागाच नाही. कडा गुळगुळीत, सगळा कार्बन-हायड्रोजन. बिनकानाची कढई सांडशीशिवाय चुलीवरून उतरवायची, तशी गत.

म्हणून शरीर आधी तिला कान बसवतं. हे काम पी-४५० नावाच्या एन्झाइमांचं. माणसात त्यांची ५७ जनुकं आहेत. नाव विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे : त्यांच्यात लोह असतं, त्याला कार्बन मोनॉक्साइड बांधला की ती ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात. त्यांतले १ए१ आणि १बी१ हे दोघे आपल्या कामाचे. गंमत अशी की यांना कामावर बोलावतो तो पाहुणाच. पेशीत एएच रिसेप्टर नावाचं एक प्रथिन असतं. बेन्झोपायरीन त्याला जाऊन बसतो, जोडी केंद्रकात शिरते आणि १ए१ चं जनुक सुरू होतं. चोरानंच दाराची बेल वाजवावी, तसं.

पहिला टप्पा : पी-४५० ऑक्सिजनचा एक अणू ७ आणि ८ क्रमांकाच्या कार्बनच्या मधोमध बसवतो. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचा त्रिकोण होतो, तोच एपॉक्साइड. त्रिकोणात अणूंना अवघडून बसावं लागतं, त्यामुळे तो केव्हाही उघडायला टपलेला असतो. दुसरा टप्पा : एपॉक्साइड हायड्रोलेज हे एन्झाइम त्यावर पाणी घालतं, त्रिकोण उघडतो आणि दोन ओएच गट तयार होतात. हा डायॉल. कढईला दोन कान बसले. आता दुसरी एन्झाइमं त्या कानांना ग्लुक्युरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडतात आणि माल पित्तातून नाहीतर लघवीतून बाहेर. बहुतेक रेणू असेच निघून जातात. हे विसरू नको, कारण पुस्तकात नेहमी फसलेलीच वाट मोठ्या अक्षरात छापतात.

फसते कुठे? डायॉल अजून पुरेसा तेलकट असतो. त्यातला काही भाग पुन्हा पी-४५० च्या हाती लागतो. पी-४५० ला आठवण नसते. त्याला कोरी जागा दिसली की तो ऑक्सिजन बसवतो. या खेपेला ९ आणि १० च्या मधे. आता रेणूचं चित्र वहीत काढ आणि कडेनं बोट फिरव. एका जागी कडा आत वळलेली दिसेल, किनाऱ्यावर खाडी असावी तशी. रसायनशास्त्रात तिला 'बे' म्हणतात, आपण खाडीच म्हणू. १० क्रमांकाचा कार्बन बरोबर खाडीच्या तोंडाशी आहे. तिथल्या एपॉक्साइडवर पाणी घालणारं एन्झाइम जवळजवळ निकामी ठरतं, आणि तो त्रिकोण तुटला की १० व्या कार्बनवर धन प्रभार येतो, कारण शेजारची सगळी कडी त्याला आधार द्यायला तयार असतात. अशा कार्बनला इलेक्ट्रॉन हवे असतात, कुणाचेही. पाण्याचे मिळाले तर काही बिघडत नाही. ग्लुटाथायॉनचे मिळाले तर उत्तमच, शरीरानं ते त्यासाठीच ठेवलंय. डीएनएचे मिळाले की घात.

हा खाडीचा सिद्धांत डोनाल्ड जेरिना यांनी १९७० च्या दशकात मांडला. डायॉल एपॉक्साइड हाच खरा गुन्हेगार हे पीटर सिम्स, फिलिप ग्रोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये लंडनहून दाखवलं. दहा वर्षं आधी तिथल्याच ब्रुक्स आणि लॉली यांनी उंदरांच्या कातडीला किरणोत्सारी खूण केलेले वेगवेगळे हायड्रोकार्बन लावून पाहिले होते. जो पदार्थ डीएनएला जास्त चिकटतो तोच जास्त गाठी करतो, प्रथिनांना किती चिकटतो याला महत्त्व नाही, असं त्यांना दिसलं. तोवर बरेच लोक प्रथिनांकडेच बोट दाखवत होते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात सुंदर प्रयोग तोच, पण परीक्षेत त्याला अर्धा मार्कही नसतो.

डीएनएला तो चिकटतो कुठे? ग्वानीनच्या, म्हणजे डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांतल्या 'जी'च्या, बाहेर डोकावणाऱ्या अमिनो गटाला. तयार होणाऱ्या डायॉल एपॉक्साइडचे चार भाऊ असतात, अणू तेच, वळण वेगळं. त्यांतला एकच सगळ्यात घातक. तो डीएनएच्या गोल जिन्याच्या अरुंद खाचेत असा आडवा पडतो की जिना फारसा वाकत नाही. वाकला असता तर दुरुस्तीवाल्यांच्या लगेच नजरेत आला असता. दुरुस्तीवाले आहेत, आणि चांगले आहेत : चिकटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंनी कापून सुमारे तीस अक्षरांचा तुकडाच काढून टाकतात आणि समोरच्या धाग्यावरून नवा विणतात. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल अझीझ सँकार यांना २०१५ चं नोबेल विभागून मिळालं. पण दुरुस्ती व्हायच्या आत पेशीनं विभागायला घेतलं तर नक्कल करणारं एन्झाइम त्या जागी अडखळतं. पुढे जायचं म्हणून समोर 'सी' लावायच्या ऐवजी 'ए' लावून टाकतं. पुढच्या नकलेत 'ए' समोर 'टी' येतो. जी चा टी झाला. आता चिकटलेला रेणू राहिला काय, गेला काय, फरक पडत नाही. चूक डीएनएच्याच अक्षरात लिहिली गेली, आणि दुरुस्तीवाल्यांना ती चूक वाटतच नाही.

एक अक्षर बदललं तर बहुतेकदा काही होत नाही. पण १९९६ मध्ये एका गटानं माणसाच्या पेशींना हा डायॉल एपॉक्साइड देऊन पी-५३ या जनुकावर तो कुठे कुठे बसतो ते मोजलं. पी-५३ म्हणजे पेशी बिघडली तर तिला थांबवणारा फौजदार. रेणू सगळीकडे सारखा बसला नव्हता. १५७, २४८ आणि २७३ या कोडॉनांवर, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या गटांवर, गर्दी होती. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांतल्या गाठींत पी-५३ नेमका याच जागी बिघडलेला असतो, हे आधीच माहीत होतं. घटनास्थळी बुटाचा ठसा मिळावा आणि बूट दाराशी सापडावा, तसं झालं. मी तो पेपर वाचला त्या दिवशी घरी जाताना लोकलमध्ये दादरला उतरायचं विसरले. पुढे २०१६ मध्ये अख्खे जीनोम वाचून हिशेब आला : रोज एक पाकीट ओढणाऱ्याच्या फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत वर्षाला सरासरी दीडशेच्या आसपास बदल साठतात. त्यांत जी चे टी सर्वांत ठळक.

तुझ्या 'का'चं उत्तर आता तूच देशील, पण एक फाटा राहिला. मग हे १ए१ एन्झाइम बंदच करून टाकावं का? उंदरांवर ते करून पाहिलंय, आणि निकाल दोन तोंडांचे आहेत. एएच रिसेप्टरच नसलेल्या उंदरांच्या कातडीवर बेन्झोपायरीन लावलं तर गाठी होत नाहीत. हे २००० सालचं. टाळ्या वाजवाव्यात तेवढ्यात २००४ मध्ये दुसऱ्या गटानं १ए१ नसलेल्या उंदरांना ते तोंडावाटे रोज मोठ्या मात्रेत दिलं. महिन्याभरात ते सगळे मेले. १ए१ शाबूत असलेले उंदीर तेवढीच मात्रा खाऊन वर्षभर धडधाकट. आतड्यात आणि यकृतात बसलेलं हे एन्झाइम माल पुढे जाऊच देत नाही, पटापट धुऊन काढतं. तेच कातडीत किंवा फुप्फुसात, जिथे पुढची जोडणारी मंडळी कमी, तिथे अर्धवट काम करून ठेवतं. म्हणून "शरीर विष बनवतं" हे वाक्य मला अर्धंच वाटतं. शरीर धुणं धुतं. कपडे फार आले की काही पिळायचे राहतात.

दहा मार्कांसाठी एक सूचना : आकृतीत ७-८ आणि ९-१० ची अदलाबदल करू नकोस. तिथेच निम्मी मुलं घसरतात. मीही घसरले होते.

प्रश्न : आमच्या शेतावर दर हिवाळ्यात हुरडा पार्ट्या होतात. पूर्वी लोक गुळभेंडी किती गोड आहे ते विचारायचे. आता पुण्याची मंडळी विचारतात, "आगटीत भाजलेलं खाल्लं की कॅन्सर होतो ना?" काय सांगू?
– एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर : त्यांना विचारा, इथवर येताना डिझेलच्या ट्रकांमागे किती वेळ अडकला होता.

गोवऱ्यांच्या धगीत काजळी असते आणि तिच्यात बेन्झोपायरीनही असतं, हे नाकारत नाही. पण कणीस भाजलं की तुम्ही ते चोळता, तूस उडवता, आणि काळं बरंचसं त्याबरोबर जातं. भरताच्या वांग्याचंही तेच, साल काढूनच खातो. शिवाय वर्षातून दोनदा. ज्यानं खरंच काळजी करावी तो पदार्थ म्हणजे निखाऱ्यांवर सरळ धरलेलं चरबीदार मांस. चरबी ठिबकते, निखाऱ्यावर जळते, तिचा धूर वर येऊन त्याच मांसावर बसतो. आच बाजूला ठेवली, खाली थाळी धरली, काळं झालेलं कापून टाकलं की बराच फरक पडतो.

तुमच्या पाहुण्यांपेक्षा मला त्या आगटीपाशी दिवसभर बसणाऱ्या तुमच्या माणसाची चिंता आहे, आणि बंद स्वयंपाकघरात चूल फुंकणाऱ्या बायकांची. चीनच्या युन्नान प्रांतात शुआनवेई नावाचा भाग आहे. तिथल्या बायका सिगारेट ओढत नाहीत, तरी त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक असणाऱ्यांपैकी. कारण घरातल्या खड्ड्यात, धुराडं नसताना जाळला जाणारा धुरकट दगडी कोळसा. पुढे लोकांनी धुराडी बसवली, आणि २००२ मध्ये छापलेल्या अभ्यासात धुराडेवाल्या घरांतला धोका जवळजवळ निम्म्यावर आलेला दिसला. औषध नाही, नवा शोध नाही, विटांचं धुराडं. लाकूड-गोवरीचा धूर दगडी कोळशाइतका सिद्ध नाही, त्या कर्करोग संस्थेच्या यादीत तो एक पायरी खाली, 'बहुधा'च्या गटात आहे. पण माझं मत विचाराल तर धुराला घराबाहेर वाट द्यायला त्या पायरीची वाट बघू नये.

हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी देता का? पत्रात उल्लेख नाही.

प्रश्न : माझे मिस्टर रस्त्याच्या कामावर मुकादम आहेत. घरी येतात ते डांबराचे हात घेऊन, आणि दारातच डिझेलच्या बोळ्यानं पुसतात. डांबरानं कर्करोग होतो हे वाचलं. नोकरी सोडायला सांगू का?
– एक गृहिणी, खेड (जि. रत्नागिरी)

उत्तर : नोकरी राहू द्या. डिझेलचा बोळा आजच फेका.

आपण मराठीत दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देऊन ठेवलंय. दगडी कोळशापासून कोक करताना निघतं ते एक डांबर, आणि खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरतं ते दुसरं, बिटुमेन. बदनाम आहे ते पहिलं. १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर महिनोन्‌महिने चोळून गाठी केल्या ते हे. लंडनमध्ये दोन टन पिचमधून, म्हणजे या डांबराच्या घट्ट गाळातून, १९३३ मध्ये बेन्झोपायरीन वेगळं काढलं तेही यातूनच. त्या शोधात वाटाड्या कोण होता माहीत आहे का? वर नांदेडच्या मुलीला सांगितला तोच, अतिनील उजेडात चमकणारा रंग. रस्त्यावर आज पडतं ते दुसरं, बिटुमेन. त्यात ही पाच कड्यांची मंडळी कोळशाच्या डांबराच्या मानानं फारच थोडी. रस्त्याच्या कामातला बिटुमेनचा धूर त्याच यादीत 'कदाचित' या गटात मोडतो.

पण कातडी ही भिंत नव्हे. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या लंडनच्या सर्जननं लिहून ठेवलं, की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग होतो, कारण काजळी तिथल्या सुरकुत्यांत साठते. माझ्या मनगटावरच्या रेघांत राहिलेला निळा रंग आठवा. डिझेल किंवा रॉकेलनं पुसलं की डांबर पातळ होऊन कातडीत जास्त सहज शिरतं, आणि कातडीवरची नैसर्गिक चरबीही जाते. त्याऐवजी गोडं तेल चोळायचं, चिंधीनं पुसायचं, मग साबण. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुवायचे नाहीत. पिंपाखाली जुने टायर जाळत असतील तर वारा आपल्याकडून धुराकडे जाईल असं उभं राहायचं. त्या काळ्या धुराचं भय मला डांबरापेक्षा जास्त वाटतं. आणि जेवणाच्या सुट्टीत बिडी ओढत असतील तर भांडण डांबराशी नाही, बिडीशी आहे.

प्रश्न : धुरामुळे शरीरात साठलेली ही सगळी रसायनं बाहेर काढणारी 'डिटॉक्स' पावडर आमच्या सोसायटीत विकायला आली आहे. महिन्याला २२०० रुपये. घ्यावी का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नको. वरचं दुसरं उत्तर वाचलंत तर कळेल, की शरीराचं धुणं वेगानं चालवणं हे दर वेळी भल्याचंच असतं असं नाही.

गोळ्या-पुड्यांचा एक मोठा धडा फिनलंडचा आहे. २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष घेतले. काहींना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या, गाजरातलं तेच ते चांगलं. १९९४ मध्ये निकाल आला : गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. कमी नव्हे, जास्त. ब्रोकोलीच्या मोडांच्या पेयानं बेन्झीनचा निचरा लघवीतून वाढतो, असं चीनमध्ये २०१४ च्या एका चाचणीत दिसलंय. पण निचरा वाढला एवढंच दिसलं, रोग टळला असं नाही. २२०० रुपयांत महिनाभर मेथी, मुळा, कोबी येतो, वर हिशेबाला शेंगाही.

आता वडूजच्या आईंचं. लघवीत हायड्रॉक्सीपायरीन, म्हणजे याच कुळातल्या पायरीनचा शरीरानं धुऊन काढलेला अवशेष, मोजता येतं, डीएनएला चिकटलेले रेणूही मोजता येतात. मी ते आयुष्यभर मोजले. पण लघवीतला आकडा गेल्या एक-दोन दिवसांत किती धूर-काजळी पोटात गेली तेवढंच सांगतो, आणि चिकटलेल्या रेणूंचा आकडा उद्या काय होणार ते सांगत नाही. तुमचे पैसे वाचवा.

त्याऐवजी सकाळी, मिसरी लावायच्या आधी, आईंना खिडकीपाशी उन्हात बसवा. चूळ भरायला सांगा. खालचा ओठ बोटानं बाहेर ओढा आणि हिरडी व ओठ यांच्या मधली खाच बघा, जिथे त्यांचं बोट रोज थांबतं तीच जागा. मग दोन्ही गालांच्या आतून, मग जीभ बाहेर काढायला सांगून तिच्या दोन्ही कडा. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, लाल मखमली डाग, बोटाला टणक लागणारी जागा, किंवा पंधरा दिवसांत न भरलेलं तोंड आलेलं दिसलं, तर त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरकडे किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. काही दिसलं नाही तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून बघून घ्या. आणि डबी लपवू नका. माझ्या काकांनी आजीची लपवली होती. तिनं शेजारणीकडून मागून लावली आणि काकांशी दोन महिने बोलली नाही. नातवाला सांगा, वहीत पाच कड्यांचं चित्र काढून आजीला खाडी दाखव. माझ्या आजीला मी ते दाखवेपर्यंत उशीर झाला होता, पण बघून ती म्हणाली होती, "एवढंसं?" आणि त्या दिवशी डबी संध्याकाळपर्यंत उघडली नव्हती.